आठ गुणांनी हुकलेला ग्रुप

प्रश्न: मी लातूरची. बारावीपर्यंत मराठी माध्यमातून शिकले, बी.कॉम. झालं आहे. सध्या एका कर सल्लागारांच्या ऑफिसात दहा ते सहा काम करते. सप्टेंबरमध्ये सीए इंटरचे (सनदी लेखापाल होण्याच्या मधल्या परीक्षेचे) दोन्ही ग्रुप, प्रत्येकी तीन पेपर, दुसऱ्यांदा दिले. अकाउंट्स 58, लॉ 41, टॅक्स 43. कॉस्टिंग 34, ऑडिट 47, एफएम-एसएम (वित्त आणि व्यूहात्मक व्यवस्थापन) 62. दोन्ही ग्रुप गेले. कॉस्टिंगच्या पेपरातला 22 गुणांचा भाग वेळेअभावी कोराच राहिला. लॉची कलमं पाठ असतात, पण इंग्रजीत उत्तर लिहिताना अडखळते. जानेवारीत दोन्ही ग्रुप द्यावेत की एकच? पुण्याच्या क्लासची फास्ट ट्रॅक बॅच ऑनलाइन घ्यावी का? अभ्यास नेमका कुठे कमी पडतोय?

उत्तर: आधी तुमच्याच गुणांची बेरीज मांडू. निर्णय तिच्यातूनच निघतो.

पहिल्या ग्रुपमध्ये 142. तिन्ही पेपरांत 40 ची अट पार झाली, अडलं ते 150 च्या ॲग्रिगेटवर, म्हणजे तिन्हींच्या बेरजेवर. दुसऱ्या ग्रुपमध्ये 143, म्हणजे सात कमी. पण तिथली खरी अडचण कॉस्टिंगचे 34 ही आहे. ऑडिटला 60 पडले असते तरी एका पेपरात 40 च्या खाली गेल्यामुळे ग्रुप गेलाच असता. दोन्ही ग्रुप एकत्र देणाऱ्याला आणखी एक वाट असते: प्रत्येक पेपरात किमान 40 आणि सहाही पेपर मिळून 300. तुमचे 285 झाले आणि कॉस्टिंग आड आलं, त्यामुळे तीही बंद झाली.

हाताशी काय आलं तेही पाहा. एफएम-एसएमच्या 62 मुळे त्या पेपरात पुढच्या तीन परीक्षांसाठी एक्झम्प्शन, म्हणजे तो पेपर पुन्हा देण्यातून सूट, मिळालं आहे आणि ते 62 दुसऱ्या ग्रुपच्या बेरजेत धरले जातात. म्हणजे कॉस्टिंग आणि ऑडिट मिळून 88 हवेत, दोन्हींत किमान 40. सप्टेंबरमध्ये याच दोन पेपरांत तुम्हाला 81 होते. तीन परीक्षा उलटल्या तरी नव्या योजनेत एक्झम्प्शन पुढे चालू ठेवता येतं, पण मग त्या ग्रुपच्या उरलेल्या प्रत्येक पेपरात 40 ऐवजी 50 लागतात. ती वेळ येऊ न देणं बरं. दुसरी गोष्ट, एक्झम्प्शन मिळायला ग्रुपचे सगळे पेपर दिलेले असावे लागतात. एक पेपर वाईट गेला म्हणून पुढच्याला दांडी मारणारे पुष्कळ असतात. आधीच्या पेपरात 60 पडलेले असले तरी त्यांच्या हाती काही लागत नाही.

आता दोन्ही की एक. हा प्रश्न हिमतीचा नाही, तासांचा आहे. निकाल आणि जानेवारीची परीक्षा यांत जेमतेम साठ दिवस मिळतात. ज्याचं एकदा सगळं वाचून झालंय त्याला उजळणी आणि सरावासाठी साधारण इतके तास धरावेत: टॅक्स 90, अकाउंट्स 75, कॉस्टिंग 75, लॉ 60, ऑडिट 55. झाले 355. शिवाय प्रत्येक विषयाचे दोन पूर्ण पेपर वेळ लावून लिहायचे आणि स्वतः तपासायचे. एका पेपराला पाच तास, म्हणजे आणखी 50. एकूण 405.

नोकरी सांभाळून रोज साडेचार तास आणि रविवारी नऊ धरले तरी परीक्षेपर्यंत 300 च्या आसपास होतात. त्यात पाच पेपर बसत नाहीत. ओढूनताणून बसवले की प्रत्येक पेपर 45 वर अडकतो, आणि तसाच निकाल आत्ता तुमच्या हातात आहे. 1 डिसेंबरपासून पूर्ण रजा मिळाली तर मात्र 450 च्या वर जाता येतं. मग दोन्ही ग्रुप द्या. अडचण एवढीच की जीएसटीच्या वार्षिक विवरणपत्राची, जीएसटीआर-9 ची, मुदत 31 डिसेंबर असते आणि सल्लागाराच्या ऑफिसात डिसेंबरात रजा मागणं म्हणजे सुगीत सुट्टी मागणं. म्हणून रजेचं याच आठवड्यात बोला, डिसेंबर उजाडल्यावर नको.

रजा नाहीच मिळाली तर जानेवारीत फक्त दुसरा ग्रुप द्या. दोन पेपर, सात गुणांचं अंतर, 150 तासांचं काम. उरलेल्या तासांतले 35-40 कॉस्टिंगला वाढवा, बाकीचे अकाउंट्सला द्या. टॅक्सला देऊ नका, कारण मे महिन्यासाठी लागू असलेला कायदा वेगळा असू शकतो. अकाउंटिंग स्टँडर्ड बजेटबरोबर बदलत नाहीत. दोन्ही ग्रुप पास झाल्याशिवाय आर्टिकलशिप (सीएच्या हाताखालची प्रत्यक्ष कामाची उमेदवारी) सुरू होत नाही, त्यामुळे चार महिने लांबतील हे खरं. पण पुन्हा दोन्ही ग्रुप घालवण्यापेक्षा ते परवडतं.

फास्ट ट्रॅक बॅच घेऊ नका. कॉस्टिंगची अशी बॅच घेतली तर सगळे साठ-सत्तर तास व्हिडिओ बघण्यात जातात आणि हात कोराच राहतो. समोर गणित सुटताना सगळं समजतंय असं वाटतं, आणि ते वाटणंच घात करतं. अख्खा विषय पुन्हा ऐकायची गरज 34 वाल्याला वाटते, पण तुमच्या 34 मध्ये 22 गुण न लिहिलेले आहेत. म्हणजे 78 गुणांच्या पेपरात तुम्ही 34 मिळवले. एखादं प्रकरण मुळातच कळलेलं नसेल, उदाहरणार्थ मटेरियलचे मिक्स आणि यील्ड व्हेरियन्स, तर तेवढंच ऐका.

तर अभ्यास कुठे कमी पडतोय? वाचनात फारसा नाही. 40 ते 47 च्या पट्ट्यात अडकलेल्या बहुतेकांचं जे होतं तेच तुमचं होतंय: माहिती असते, पण ठरलेल्या वेळेत ती कागदावर पूर्ण उतरत नाही. म्हणून यापुढे निम्मा वेळ पेन हातात घेऊनच गेला पाहिजे.

लॉपासून सुरुवात करू. इन्स्टिट्यूटच्या, म्हणजे सीएची परीक्षा घेणाऱ्या आयसीएआयच्या, परीक्षेत उत्तरं इंग्रजीत किंवा हिंदीत लिहिता येतात, मराठीची सोय नाही. मराठी माध्यमाच्या काही मुलांना हिंदी जवळची वाटते. त्यांनी आधी कर-कायद्यातली हिंदी दोन पानं वाचून पाहावी. तुम्ही इंग्रजीतच राहा. इंग्रजी भाषेचे वेगळे गुण नसतात. वाक्य मोडकं असलं तरी चालेल, अट चुकली तर नाही.

पाच गुणांच्या प्रकरणाधारित प्रश्नाचं उत्तर तीन तुकड्यांत लिहा. पहिल्यात कायद्याची तरतूद, तीन-चार वाक्यांत: कोणाला लागू, किती मर्यादा, अपवाद कोणता. दुसऱ्यात दिलेली माहिती त्या तरतुदीला लावून दाखवायची, आकड्यांसकट. तिसऱ्यात एका वाक्यात निष्कर्ष. दीडशे शब्दांच्या आत आणि साडेनऊ मिनिटांत हे संपायला हवं. प्रत्येक तुकड्याची सुरुवात ठरवून टाका: «ॲज पर द प्रोव्हिजन्स ऑफ द कंपनीज ॲक्ट, 2013», मग «इन द गिव्हन केस», मग «हेन्स». रोज तेच शब्द. पहिलं वाक्य शोधण्यात तुमचा जो वेळ जातो तो इथं वाचतो. कलमाचा आकडा नक्की आठवत नसेल तर लिहूच नका. चुकीचा आकडा लिहिण्यापेक्षा नुसतं कायद्याचं नाव बरं.

गुण कुठे गळतात त्याचं एक उदाहरण. कंपनीचं नेटवर्थ 480 कोटी, उलाढाल 900 कोटी, मागच्या आर्थिक वर्षाचा निव्वळ नफा 6 कोटी, तीन वर्षांचा सरासरी नफा साडेपाच कोटी. सीएसआर (कंपनीची सामाजिक जबाबदारी) समिती नेमणं बंधनकारक आहे का? बहुतेक जण कलम 135 च्या तीन मर्यादा लिहितात: नेटवर्थ 500 कोटी किंवा अधिक, उलाढाल 1,000 कोटी किंवा अधिक, नफा 5 कोटी किंवा अधिक. नफ्याची अट पूर्ण होते, म्हणून समिती हवी असं लिहून मोकळे होतात. पण खर्च करायची रक्कम सरासरी नफ्याच्या 2 टक्के, म्हणजे 11 लाख येते, आणि ती 50 लाखांपेक्षा जास्त नसेल तर वेगळी समिती लागत नाही. तिचं काम संचालक मंडळच करतं. सीएसआर लागू आहे, समिती मात्र नको. पाठांतर करणारा पहिल्या अर्ध्यावर थांबतो. 41 चे 50 व्हायचे ते दुसऱ्या अर्ध्यातून.

सराव असा करा. सजेस्टेड आन्सर्समधला (इन्स्टिट्यूटच्या छापील नमुना उत्तरांतला) एक प्रश्न घ्या, मोबाइलवर साडेनऊ मिनिटं लावा, उत्तर हाताने लिहा. मग छापील उत्तर उघडून त्यातली अट, आकडा किंवा अपवाद तुमच्याकडून सुटला असेल तर फक्त तेवढंच एका वेगळ्या वहीत लाल शाईने उतरवा. संपूर्ण उत्तर उतरवू नका. दहाव्या दिवशी तोच प्रश्न परत लिहा. रोज दोन प्रश्न, वीस मिनिटं लिहायला आणि दहा तपासायला. पेपरात 70 गुण कंपनी कायदा आणि एलएलपीला (मर्यादित दायित्व भागीदारीला), 30 गुण जनरल क्लॉजेस, कायद्यांचा अर्थ लावण्याचे नियम आणि फेमा (परकीय चलन कायदा) यांना. शेवटचा भाग छोटा आहे, म्हणून तो पहिल्याच आठवड्यात उरका. शेवटी ठेवला की राहतोच.

कॉस्टिंगमध्ये आधी घड्याळाचा बंदोबस्त करा. पेपर 180 मिनिटांचा. 30 गुण बहुपर्यायी, 70 गुण वर्णनात्मक. बहुपर्यायीला 45 मिनिटं द्यायची. उरतात 135, आणि 14 गुणांचे पाच प्रश्न सोडवायचे असल्याने एका प्रश्नाला 27 मिनिटं. बहुपर्यायीला सव्वा तास गेला तर वर्णनात्मक भागाला प्रश्नामागे 21 मिनिटंच उरतात आणि शेवटचा दीड प्रश्न कोरा राहतो. तुमचे 22 गुण बहुधा असेच गेले. 27 व्या मिनिटाला प्रश्न अर्धवट असला तरी जागा सोडून पुढे जा. कोणत्याही गणितात पहिले आठ-नऊ गुण वर्किंग नोट्समधून पटकन येतात, शेवटचे तीन-चार ताळा जुळवण्यात वेळ खातात. ते तीन मिळवायच्या नादात पुढच्या प्रश्नाचे सोपे नऊ जातात. बहुपर्यायीत चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही गोल रिकामा ठेवू नका. एखाद्या प्रश्नात तीन मिनिटांवर गेलात तर अंदाजाने गोल भरा आणि पुढे चला.

पेपर सुरू होण्याआधी पावणेदोन ते दोन अशी पंधरा मिनिटं वाचायला मिळतात. त्यात एकच काम: पहिला प्रश्न सक्तीचा, उरलेल्या पाचांतला कोणता सोडायचा ते ठरवणं. एकदा सोडलेल्या प्रश्नाकडे परत फिरायचं नाही.

गणितांत मूळ मांडणी पक्की करा. प्रोसेस कॉस्टिंग घ्या. 1,000 युनिट टाकले, एकूण खर्च 47,000 रुपये, नॉर्मल लॉस (अपेक्षित नासाडी) 10 टक्के, स्क्रॅप दर 20 रुपये, प्रत्यक्ष उत्पादन 880. नॉर्मल लॉसच्या 100 युनिटांचे 2,000 रुपये खर्चातून वजा करायचे आणि 900 ने भागायचं: 45,000 भागिले 900, दर 50 रुपये. ॲबनॉर्मल लॉस 20 युनिट, 50 च्या दराने 1,000 रुपये. त्यातून स्क्रॅपचे 400 आले, 600 कॉस्टिंग प्रॉफिट अँड लॉसला. चुका दोनच होतात. कोणी 47,000 ला थेट 880 ने भागतो, तर कोणी ॲबनॉर्मल लॉसचं स्क्रॅप प्रोसेस अकाउंटलाच जमा करतो. ओपनिंग वर्क-इन-प्रोग्रेस (सुरुवातीचा अर्धवट माल) आलं की फिफो आणि ॲव्हरेज यांची सरमिसळ ही तिसरी. या तीन चुका एका पानावर लिहून त्या प्रत्येकीची चार गणितं सोडवली की प्रकरण हाताखाली येतं. स्टँडर्ड कॉस्टिंग, मार्जिनल, बजेट, ओव्हरहेड्स, सर्व्हिस कॉस्टिंग आणि कॉस्ट शीट यांनाही हीच पद्धत लावा.

कॉस्टिंगची थिअरी मात्र सगळे टाकून देतात, आणि ते मला कधीच पटलेलं नाही. अनेक पेपरांत अख्खा एक प्रश्न थिअरीचा असतो. वीस-पंचवीस पानांचा मजकूर, गणितापेक्षा कमी वेळात लिहून होतो आणि ताळा जुळवायची कटकट नाही. रोज रात्री झोपण्याआधी एक पान वाचा. 34 वरून 40 च्या पलीकडे जायचा सर्वांत स्वस्त मार्ग हाच.

कॅल्क्युलेटर एकच ठेवा, आत्तापासून परीक्षेपर्यंत. सहा फंक्शन, 12 अंक आणि दोन मेमरी यापुढचा चालत नाही. मेमरीची बटणं डोळे मिटून दाबता यायला हवीत; अजूनही पुष्कळ जण मधली बेरीज कागदावर उतरवून परत टाकतात.

टॅक्समध्ये धोका जुन्या नोट्सचा. जानेवारीच्या परीक्षेला कोणता कायदा आणि कोणतं वर्ष लागू आहे ते इन्स्टिट्यूटच्या बोर्ड ऑफ स्टडीजच्या सूचनेतून तपासा आणि त्याच आवृत्तीचं स्टडी मटेरियल वापरा. एक नमुना पाहा: नव्या कररचनेत कलम 87ए ची सूट करनिर्धारण वर्ष 2025-26 साठी 7 लाखांच्या उत्पन्नापर्यंत 25,000 होती, ती 2026-27 साठी 12 लाखांपर्यंत 60,000 झाली. त्यातच 1 एप्रिल 2026 पासून आयकर अधिनियम, 2025 अमलात येतो आणि कलमांचे क्रमांकच बदलतात. मैत्रिणीकडून आणलेली वही इथं सरळ नुकसान करते. ऑफिसच्या सवयींचंही भान ठेवा. तिथं सॉफ्टवेअर आकडा काढतं, इथं कारण लिहावं लागतं. जीएसटी देयतेच्या गणितात जी रक्कम करपात्र नाही किंवा ज्याचं क्रेडिट कलम 17(5) मुळे अडतं, ती ओळ गाळू नका. ‘निल’ लिहून शेजारी कारण द्या, गुण त्या कारणाला असतात. पेपरात आयकर 50 आणि जीएसटी 50. जीएसटीची व्याप्ती कमी आणि रोजच्या कामामुळे तुम्हाला ओळखीची, म्हणून आधी जीएसटी पक्कं करून मग आयकराकडे वळा.

अकाउंट्सचे 58 टिकवा आणि 60 च्या वर न्या, म्हणजे वाईट वेळ आली तरी एक्झम्प्शन हाती राहील. दोन गुण बहुतेक वर्किंग नोट्स नीट न दाखवल्याने जातात. बायबॅकच्या (कंपनीने स्वतःचेच शेअर्स परत विकत घेण्याच्या) गणितात शेअर्स, रिसोर्स आणि डेट-इक्विटी अशा तिन्ही चाचण्या लावून सर्वांत लहान आकडा घ्यायचा असतो. डेट-इक्विटी चाचणीत कॅपिटल रिडम्प्शन रिझर्व्हला जाणारी रक्कम मुक्त राखीव निधीतून कमी होते हे विसरल्यामुळे पुढचं समीकरण चुकतं. हेच बायबॅक लॉमध्ये कलम 68 म्हणून येतं, दोन्ही एकाच दिवशी करा. लॉमधलं लेखापरीक्षणाचं प्रकरण, कलम 139 ते 148, आणि ऑडिटचा पेपर यांचंही तसंच. ऑडिटमध्ये बाकी फार काही करायला नको. स्टँडर्ड्समधले ठरीव शब्द आणि मुदती तेवढ्या चोख हव्यात. क्वालिफाइड, ॲडव्हर्स आणि डिस्क्लेमर या ऑडिटरच्या मतांतला फरक एका तक्त्यात मांडा: चूक मोठी आहे की सर्वव्यापीही आहे, आणि पुरावा मिळाला की मिळालाच नाही.

साठ दिवसांची आखणी उलट्या बाजूने करा. इंटरचे पेपर सहसा एक दिवस आड असतात. पाचला एक पेपर संपतो, तिसऱ्या दिवशी दोनला पुढचा सुरू. झोप, जेवण, प्रवास वजा जाता वाचनाला चौदा-पंधरा तास मिळतात. प्रत्येक विषय त्या चौदा तासांत पूर्ण पाहून होईल इतका आटोपशीर करणं हे डिसेंबर अखेरपर्यंतचं काम. स्टडी मटेरियलचे गठ्ठे त्या रात्री उघडता येत नाहीत. लाल शाईची वही, खुणा केलेली पन्नास-साठ गणितं आणि आरटीपी (इन्स्टिट्यूटचा उजळणी प्रश्नसंच) एवढंच उघडता येतं. डिसेंबरच्या दर रविवारी दुपारी दोन ते पाच एक एमटीपी (इन्स्टिट्यूटची सराव प्रश्नपत्रिका) लिहा, सकाळी नको. दुपारच्या जेवणानंतर मेंदूला तीन तास चालायची सवय लागली पाहिजे.

लॉ आणि कॉस्टिंगच्या उत्तरपत्रिकांच्या प्रमाणित प्रती मागवा. निकालापासून 30 दिवसांत ऑनलाइन अर्ज करता येतो. गुणपडताळणीचा अर्ज वेगळा असतो आणि त्यात फक्त बेरीज व न तपासलेली उत्तरं पाहतात, फेरतपासणी होत नाही. त्यावर आशा ठेवून बसू नका. प्रती यायला वेळ लागतो, तोवर अभ्यास थांबवायचा नाही. आल्यावर एकच पाहा: ज्या उत्तरांना पाचपैकी दोन मिळालेत, त्यांत तिसरा तुकडा लिहिलेला आहे का. परीक्षेच्या अर्जाची मुदत मात्र निकालानंतर लगेचच संपते, म्हणून रजेचं उत्तर त्याआधी मिळवा आणि अर्ज भरताना एफएम-एसएमचं एक्झम्प्शन त्यात दिसतंय याची खात्री करा.